चार टायर आणि मागच्या सीटवर सासूबाई

माझ्याकडे २०१५ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं की ऑफिसातला एक बीएमडब्ल्यूवाला गालातल्या गालात हसतो. हसू दे. १०५ पीएसचं (साधारण तेवढ्याच अश्वशक्तीचं) टर्बो इंजिन, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, आणि जेमतेम अकराशे किलो वजन. रोज कोथरूड ते हिंजवडी आणि महिन्यातून एकदा ताम्हिणीतून माणगावला, सासरी. माझी स्पोर्ट्स कार हीच.

२०२३च्या जुलैत सासूबाईंना घेऊन निघाले होते. मुळशी मागे पडलं, पावसाची भुरभुर चालू, आणि एका डाव्या वळणावर डोंगरातून आलेलं तांबडं पाणी रस्त्यावर आडवं वाहत होतं. वेग पंचेचाळीस, फार तर पन्नास. स्टिअरिंग वळवलं आणि हाताला काही लागलंच नाही. पिठाच्या डब्यात चमचा फिरवल्यासारखं हलकं. ईएसपीचा, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लुकलुकला, गाडी नाकासमोर अर्धी लेन सरकली आणि मग एकदम हिसका देऊन वळली.

"काय गं, कुत्रं आलं का मध्ये?"

"हो आई."

घाटात पावसाचं घसरायला होतंच. पण आधी काहीतरी कुरकुर व्हायला हवी होती, स्टिअरिंग हळूहळू सैल पडायला हवं होतं. गाडीने आधी काही कळवलं नाही आणि नंतर पकड घेतली तीही न कळवता.

माणगावला पोहोचल्यावर अंगणात उकिडवी बसून टायर बघितले. खाचा चांगल्या तीन-साडेतीन मिलिमीटर शिल्लक. कायद्याची मर्यादा १.६, म्हणजे कागदोपत्री उत्तम. पण रबरात नख दाबलं तर रुतेना, आणि कडेला केसाएवढ्या बारीक चिरा. बाजूवर कोरलेले चार आकडे वाचले: २३१७. म्हणजे २०१७च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले. सहा वर्षं आमच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उन्हात भाजून निघालेले. टायर रस्ता धरतो तो त्याचं रबर खडीच्या बारीक उंचवट्यांमध्ये रुतून. कडक झालेलं रबर रुतत नाही, वरून सरकतं. खाचा पाणी बाहेर काढतील, पण खाली रबरच मेलेलं असेल तर काय उपयोग?

आणि रस्त्याला टेकतो तो टायर तरी केवढा? पुढच्या एका चाकावर साडेतीनशे किलो धरा, हवा ३२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण सव्वादोन किलो. भागाकार केला की १५५ चौरस सेंटीमीटर येतात. पोस्टाचं कार्ड १४ बाय ९ असतं, म्हणजे १२६. सासूबाई, मी आणि मागचा आंब्याच्या रोपांचा खोका, एवढं सगळं कार्डाहून थोड्याशाच मोठ्या चार तुकड्यांवर.

पुण्यात परतल्यावर टायरच्या दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले काका स्वभावाने चांगले आहेत. फक्त मी प्रश्न विचारला की उत्तर नवऱ्याला देतात. माझ्या नवऱ्याला पुढचं चाक आणि मागचं चाक यातला फरक स्टिअरिंगवरून कळतो.

"साहेब, सध्या दोनच टाका. पुढे. गाडी पुढची चाकं ओढतात ना."

हा सल्ला अर्ध्या पुण्यात मिळतो आणि तो उलटा आहे. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे जातात. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, आपला पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो, वेग कमी होतो, चाकं पुन्हा धरतात. मागची सुटली आणि घाबरून पाय उचलला, तर वजन पुढे जातं, मागची बाजू आणखी हलकी होते आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. मी हे सगळं सांगितलं. काकांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "चारही टाका."

मग कुठले, यावर घरात आठवडाभर खल. धाकट्या दिराचा हट्ट १७ इंची रिमचा. त्याच्या स्वतःच्या गाडीला १७ इंची आहेत, दिसतातही झकास, आणि पौड रोडच्या खड्ड्यांनी एका पावसाळ्यात दोन टायरना फुगे आणलेत. कंपनीचं माप १८५/६० आर १५: रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६० टक्के, रिम १५ इंची. म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत १११ मिलिमीटर रबर. २०५/४० आर १७ टाकला तर उरतात ८२. खड्डा रिमला विचारायला येतो तेव्हा मधलं रबरच उत्तर देतं. मी १५ इंचीच ठेवले आणि १९५/५५ घेतला: १०७ मिलिमीटर. बाजू चारच मिलिमीटरने बुटकी, आणि पूर्ण चाकाचा व्यास सव्वा टक्क्याने कमी, म्हणजे स्पीडोमीटर किंचित जास्त दाखवणार. चालेल, दंड वाचेल. याहून रुंद मुद्दाम घेतला नाही, कारण टायर जितका रुंद तितकं त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि आमचे चार महिने पाण्यातच जातात.

मापापेक्षा मिळण्याचीच अडचण मोठी. जून २०२०मध्ये परदेश व्यापार महासंचालनालयाने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून परदेशी टायर हव्या त्या मापात सहज मिळेल याचा भरवसा राहिला नाही. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ मनात होता, माझ्या मापात मिळाला नाही.

ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल हे सांगणारा, आकडाही बघितला. १०० म्हणजे प्रमाण म्हणून धरलेला टायर, ४०० म्हणजे त्याच्या चौपट टिकणारा. पण चाचणी करून आकडा लिहिते कंपनी स्वतःच, तेव्हा दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून भांडू नये. रेसट्रॅकचे अगदी मऊ टायर मी पहिल्याच फेरीत बाद केले. ते तापल्यावर चिकटतात. माझं ऑफिस गाठेपर्यंत त्यांची झोपही उडणार नाही, आणि थंड, ओल्या घाटात तेच आधी दगा देतील.

शेवटी ब्रिजस्टोनचा पोटेंझा आरई००३. काकांनी पहिल्यांदा दीड वर्षापूर्वीचा माल काढला, मी चार आकडे वाचून परत ठेवायला लावला. आठवड्याने ताजे आले. चारही बसवून, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) धरून तीस हजारांच्या आत. टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन मी नको म्हणाले, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

नव्या टायरवर साच्यातला ओशट थर असतो म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर बाईसारखी शहाणपणाने चालवली. (बाप्यासारखी म्हणणार होते, पण दिराची आठवण झाली.) मग ऑगस्टमध्ये पुन्हा तीच वाट, तेच वळण, तसंच आडवं पाणी, तोच वेग. स्टिअरिंग वळवल्यावर आधी वजन हाताला जाणवलं. पाण्यात शिरताना ते थोडं कमी झालं, खालून बारीक घरघर आली, आणि मला अर्धा सेकंद मिळाला. अर्ध्या सेकंदात पाय जरा सैल करता येतो. दिवा लागला नाही. मागे सासूबाई अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या, कातरतच राहिल्या.

तक्रारी आहेत. सिमेंटच्या रस्त्यावर गुणगुणतात, आणि मायलेज लिटरमागे किलोमीटरभर तरी घटलं. पंचवीस हजार किलोमीटरनंतर पुढच्या दोघांची आतली कड जास्त झिजलीय, अलाइनमेंट टाळल्याचा माझाच दोष. परवा मापलं तर तीन मिलिमीटर. जूनच्या आधी बदलायचे म्हणून दुकानात माझाच नंबर देऊन ठेवला होता.

काल फोन आला. "मॅडम, साहेबांना सांगा, टायर आलेत."