गाळा भाड्याचा, जबाबदारी कोणाची?

व्यवसायासाठी गाळा भाड्याने घेणारी माणसे मला हमखास विचारतात, की आगीपासून संरक्षणाची व्यवस्था ठेवणे हे मालकाचे काम की आमचे? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून लिहितो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याच्या कलम ३ मध्ये मालकाच्या बरोबरीने भोगवटादाराचेही नाव आहे, आणि भोगवटादार म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारे तुम्ही. खर्चाची वाटणी भाडेकरारात जरूर लिहून घ्या. मात्र तेवढ्याने कायद्यातले तुमचे नाव खोडले जात नाही.

यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन दलाकडे द्यावे लागते. ते न चुकता द्या. परंतु हा कागद तपासणीच्या दिवसापुरता बोलतो, आणि कायद्याला व्यवस्था बाराही महिने चालू हवी आहे.

म्हणूनच मी कुठेही गेलो की कागदांच्या आधी बाहेर पडण्याचे रस्ते पाहतो. एका कार्यालयात सगळे अग्निशामक नवे होते, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात होता, पण मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे असे ते त्या दिवशी रजेवर होते. चोरीची त्यांची भीती खोटी नव्हती. तरीही राष्ट्रीय इमारत संहितेनुसार असे दार आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली, ती मुख्यतः धुराने गुदमरून, आणि तिथे बाल्कनीतला बाहेर पडण्याचा एक मार्ग वाढीव खुर्च्या बसवून बंद केलेला होता. कुलपाविषयी मी इतका आग्रह का धरतो, ते यावरून कळेल.

सामाईक जिना, पाण्याची टाकी, पंप यांवर तुमचा ताबा नसतो, हे मला मान्य आहे. तिथे दोष दिसला तर मालकाला किंवा सोसायटीला लेखी कळवा, पोच घ्या आणि दुरुस्ती झाली नाही तर अग्निशमन दलाकडे अर्ज करा. आपल्या गाळ्यातून त्या जिन्यापर्यंतची वाट मात्र कोणाच्याही परवानगीविना आजच मोकळी करता येते.