खापरखुटी अपडेट: बेचाळीस फुलांनंतर एक जोडशेंग

मंडळी, माझ्या खापरखुटीला (कंदातून उगवणारा रानवेल) शेंग लागली एकदाची! देठावर बैलाच्या शिंगांसारखी जोडी आलीय, आज सकाळी पट्टी लावली, साडेपाच सेंमी. त्याआधी बेचाळीस फुलं वाया गेली ते रडगाणं तुम्ही ऐकलंच आहे.

सीना नदीकाठच्या कुंपणातल्या वेलांना (ठिकाण नेहमीप्रमाणे सांगणार नाही, कंद खायला उकरणारे कमी नाहीत) कोणी हात लावत नाही तरी शेंगा धरतात, आणि माझ्या गच्चीवर मुरूम-वाळू-शेणखताचे लाड करूनही शून्य. कारण साधं, तिसऱ्या मजल्यावरच्या काँक्रीटवर ती बारीक चिलटं येतच नाहीत. एरवी ती कंदिलासारख्या फुलात घसरतात, नळीतले केस खाली वळलेले म्हणून बाहेर पडता येत नाही, मग केस सुकले की सोंडेला पराग चिकटवून सुटतात. माझी सुकलेली फुलं चिरून बघितली, सगळी रिकामी.

म्हणून हातानं परागीकरण. रुईच्याच खानदानातली बाई, पराग धुळीसारखा सुटा नसतोच, मेणाच्या दोन गोळ्या आणि मधे चिमटा. फुलाच्या फुगलेल्या बुडाला ब्लेडनं खिडकी पाडायची आणि एक गोळी फटीत सरकवायची, फट म्हणजे जेमतेम कागदाच्या कडेएवढी. ऑनलाइन मागवलेला 'प्रिसिजन' चिमटा निव्वळ भंगार, टोकंच जुळत नाहीत. इन्सुलिनच्या सुईनं फूल फाटतं. शेवटी स्वतःच्या मिशीचा केस टूथपिकला फेव्हिक्विकनं चिकटवला, आधी रस्त्याकडेच्या रुईवर हात बसवला, शेजारचे काका कठड्यावरून, "काय करालायस बे, ऑपरेशन?"

तरी शेंग नाहीच. दोन आठवडे यातच गेले, मी आपला उन्हाला शिव्या घालत होतो. मग मोबाईलला क्लिप लेन्स लावून गोळी नीट बघितली तर एका कडेला काचेसारखी पारदर्शक पट्टी दिसली. परागनळी फुटते ती तिथूनच, म्हणजे ती कड आधी आत जायला हवी आणि मी इतके दिवस उलटी घालत होतो! दुसऱ्या दिवशी आठच्या आत, ऊन चढायच्या आधी, बार्शीकडच्या वेलाचा पराग अक्कलकोटच्या वेलाला दिला, बरोबर बाजूनं. तीच ही शेंग.

आता शेंग तडकली की बिया म्हातारीसारख्या उडून जाणार, म्हणून हळदीकुंकवाच्या वाणातली जाळीची पोटली बांधलीय. बायकोला अजून कळलेलं नाही.

बिया सीनेकाठी सोडायच्या असं मागेच ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता वाटायला लागलं की ते चुकीचंच, दोन तालुक्यांची सरमिसळ त्या राखलेल्या तुकड्यात कशाला घुसवायची? माझे दोन्ही कंद जेसीबीनं उकरलेल्या बांधांवरनं वाचवलेले, तर बियाही बांधावरच जाऊ देत. अक्कलकोटवाल्या मित्राला आत्ताच मेसेज टाकलाय, निवडुंगाखालची सावली राखून ठेव म्हणून. निम्म्या मात्र गच्चीवर पेरणार, आणि या वेळी काळ्या मातीचा कणही घालणार नाही, गेल्या वर्षी तिच्यातच तीन कंद सडले.

मिशीचा केस जपून ठेवलाय, अजून दोन कळ्या फुगल्यात.