एएक्स३००० राउटरची चाचणी-नोंदवही: वायरपासून शेवटच्या खोलीपर्यंत

चाचणीला घेतलेला राउटर वाय-फाय ६ चा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड, दोन्हींवर दोन-दोन स्ट्रीम (एकाच वेळी समांतर जाणारे डेटाचे प्रवाह), ५ गिगाहर्ट्झवर १६० मेगाहर्ट्झ रुंदीची सोय, वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) आणि लॅन (घरातल्या यंत्रांचे) असे सगळे पोर्ट १ गिगाबिटचे. हा वर्ग मुद्दाम निवडला, कारण बहुतेक फोन आणि लॅपटॉपही दोन स्ट्रीमचेच असतात. राउटरला चार किंवा आठ स्ट्रीम असले तरी समोरच्या यंत्राला दोनच असतील, तर त्या जोडणीचा कमाल वेग दोनावरच ठरतो.

नावातला ३००० म्हणजे बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्झवर ४० मेगाहर्ट्झ रुंदीत दोन स्ट्रीम ५७४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), ५ गिगाहर्ट्झवर १६० मेगाहर्ट्झ रुंदीत २४०२, मिळून २९७६. वाय-फाय ६ चं यंत्र एका वेळी एकाच बँडवर बोलतं, त्यामुळे ही बेरीज कोणत्याच एका लॅपटॉपला मिळत नाही. एएक्स६००० चंही तसंच: ११४८ अधिक ४८०४. त्यातले ११४८ देखील २.४ वर चार स्ट्रीम आणि ४० मेगाहर्ट्झ गृहीत धरून. त्या बँडवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. शेजारी दोन-चार नेटवर्क असली की ४० मेगाहर्ट्झ वापरणं म्हणजे सगळ्यांचीच गैरसोय. २० मेगाहर्ट्झवर दोन स्ट्रीमना २८७ चा लिंक रेट (हवेतल्या जोडणीचा कागदोपत्री वेग) मिळतो. या वहीत २.४ साठी तोच धरला आहे.

टप्पा १: फक्त वायर (पूर्ण)

वाय-फायला हात लावण्याआधी वायरची खात्री केली नाही, तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद राहतात. दोन संगणक, कॅट ५ई किंवा त्याहून चांगल्या केबल, दोन्हींवर आयपर्फ३, म्हणजे दोन यंत्रांमधला वेग मोजणारा प्रोग्राम. एक संगणक सर्व्हर, दुसरा क्लायंट. प्रत्येक चाचणी ६० सेकंद, ४ समांतर जोडण्या, एकदा सरळ आणि एकदा उलट दिशेने.

सुरुवात राउटर बाजूला ठेवून, दोन संगणक थेट एका केबलने जोडून. गिगाबिटवर आकडा ९४१ एमबीपीएसच्या आसपास यायला हवा. १५०० बाइटचं एक पॅकेट वायरवर १५३८ बाइट जागा घेतं आणि त्यातला खरा माल १४४८ बाइट, म्हणजे ९४.१५ टक्के. ९४१ मिळाले की वायर, लॅन कार्ड आणि संगणक तिन्ही ठीक. ९४ मिळाले तर लिंक १०० एमबीपीएसवर उतरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एखादी तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही की लिंक गुपचूप खाली येते. आकडा साडेतीनशेच्या आत अडकला तर यूएसबी लॅन अडॅप्टर बहुधा यूएसबी २ च्या पोर्टला लावलेला असतो.

मग लॅन ते लॅन. इथेही ९४१ येतात, कारण हे काम राउटरमधली स्विच चिप करते, प्रोसेसरला त्याची झळ लागत नाही. या चाचणीतून राउटरबद्दल फारसं काही कळत नाही. पोर्ट खराब नाहीत एवढंच.

खरी परीक्षा वॅन ते लॅन. त्यासाठी इंटरनेट जोडणीची गरज नाही. सर्व्हर संगणक वॅन पोर्टला लावा, त्याला हाताने पत्ता द्या, राउटरच्या वॅनलाही त्याच सबनेटमधला (पत्त्यांच्या गटातला) स्थिर पत्ता द्या. हा सबनेट लॅनपेक्षा वेगळा हवा: लॅन १९२.१६८.१.० असेल तर वॅन १९२.१६८.५०.० ठेवा, नाहीतर राउटरला कुठे काय पाठवायचं ते समजत नाही. क्लायंट लॅनवर. आता प्रत्येक पॅकेटचा पत्ता राउटर बदलतो आणि एनएटीची (याच पत्ता-बदलाची) खरी ताकद दिसते. आयपर्फ३ च्या ३.७ आवृत्तीपासून दोन्ही दिशा एकाच वेळी चालवण्याचा पर्याय आहे, तो वापरलाच पाहिजे. एका दिशेला दमदार वाटणारे राउटर तिथे धापा टाकतात.

वॅनची ही चाचणी दोनदा करायची. आधी कारखान्यातल्या सेटिंगवर, मग क्यूओएस (कोणत्या वाहतुकीला आधी वाट द्यायची ते ठरवणं), वाहतुकीचं विश्लेषण, मुलांसाठीचे फिल्टर असं सगळं चालू करून. पहिल्या वेळी पॅकेट बहुधा हार्डवेअर ऑफलोडमधून, म्हणजे प्रोसेसरला वगळून खास सर्किटमधून जातात आणि प्रोसेसर मोकळा असतो. दुसऱ्या वेळी प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला तपासावं लागतं. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे त्या सोयींची खरी किंमत. जोडणी पीपीपीओईची (नाव-पासवर्डने लॉगिन होणारी) असेल तर तीही नक्कल करून बघावी. त्यात प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट जास्त जातात, एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १४९२ होतो, आणि काही राउटरांत हे काम ऑफलोडला जमत नाही.

टप्पा २: जवळून वाय-फाय (पूर्ण)

राउटरपासून २ ते ३ मीटर, मध्ये काही नाही. अगदी चिकटून ठेवू नये. इतक्या जवळ सिग्नल रिसीव्हरला झेपेनासा होतो आणि आकडा उलट घसरू शकतो. दोन्ही बँडना वेगळी नावं, बँड आपोआप निवडण्याची सोय बंद, चॅनेल आणि रुंदी हाताने ठरवलेली. हे केलं नाही तर चाचणीच्या मधेच लॅपटॉप २.४ वर जातो आणि दोष राउटरला लागतो.

प्रत्येक ओळीत तीन गोष्टी लिहायच्या: सिग्नल डीबीएममध्ये (शून्याच्या जितका जवळ तितका जोरदार), लिंक रेट, प्रत्यक्ष वेग. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल, नॉइज आणि लिंक रेट एकत्र दिसतात. विंडोज आणि लिनक्सवर कमांडने मिळतात.

८० मेगाहर्ट्झ, दोन स्ट्रीम, सर्वांत वरचा एमसीएस (सिग्नलनुसार ठरणारी वेगाची पायरी) ११: लिंक रेट १२०१. प्रत्यक्ष वेग साधारण त्याच्या दोन तृतीयांश धरावा. बाकीचा वेळ प्रिअँबल (प्रत्येक संदेशाआधीची खूण), पोच आणि आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात जातो. शिवाय वाय-फाय एका वेळी एकाच दिशेने बोलतं, वायरसारखं दोन्हीकडून नाही. लिंक रेट १२०१ आणि वेग ३०० असं दिसलं तर आधी चॅनेलवरची गर्दी तपासा.

१६० मेगाहर्ट्झवर लिंक रेट २४०२ दिसतो आणि इथे बहुतेक चाचण्या फसतात. दोन तृतीयांश म्हणजे १६००, पण सर्व्हर १ गिगाबिटच्या पोर्टवर आहे. आकडा ९४१ च्या वर जाणारच नाही. दोन वायरलेस लॅपटॉप घेऊन मोजलं तर प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो आणि वेग निम्मा होतो. आयपर्फ३ राउटरवरच चालवलं तर हवेऐवजी राउटरचा प्रोसेसर मोजला जातो. म्हणजे या राउटरमध्ये १६० मेगाहर्ट्झचा वरचा भाग वायरपर्यंत पोचण्याची वाटच नाही. ज्यांना तो वेग खरोखर हवा त्यांनी २.५ गिगाबिटचा निदान एक लॅन पोर्ट असलेलाच राउटर बघावा. तिथे वायरची मर्यादा २३५४ च्या आसपास येते. खोक्यावर २४०२ छापायचं आणि पोर्ट मात्र १ गिगाबिटचे द्यायचे, हे ग्राहकाशी सरळ वागणं नाही.

१६० ची दुसरी अडचण रडारची. ५ गिगाहर्ट्झमध्ये ही रुंदी बहुतेक ठिकाणी चॅनेल ३६ ते ६४ किंवा १०० ते १२८ अशी बसते आणि दोन्हींत रडारबरोबर वाटून घेतलेले चॅनेल येतात. त्यामुळे राउटर सुरू झाल्यावर आधी ६० सेकंद नुसता ऐकत बसतो; युरोपच्या नियमांत हवामान रडारच्या पट्ट्यात हा वेळ १० मिनिटांचा आहे. तोवर ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत दिसत नाही. हा बिघाड नाही, रीस्टार्टची घाई करू नये, नाहीतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. रडार सापडलं की राउटर तो चॅनेल सोडतो आणि ३० मिनिटं तिथे परतत नाही. एक आठवडा लॉग तपासावा. रोज अशा नोंदी दिसत असतील तर चॅनेल ३६ वर ८० मेगाहर्ट्झ ठेवून मोकळं व्हावं.

टप्पा ३: भिंतींपलीकडे (चालू)

जमिनीवर चिकटपट्टीने सहा जागा आखायच्या: एक राउटरच्याच खोलीत, दोन एका भिंतीपलीकडे, दोन दोन भिंतींपलीकडे, एक सर्वांत वाईट कोपऱ्यात. लॅपटॉपची उंची तीच. प्रत्येक जागी चार दिशांना तोंड करून मोजायचं आणि मधला आकडा घ्यायचा. ५.५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे लॅपटॉप वीतभर सरकला तरी सिग्नल काही डेसिबलनी बदलतो. एकाच मोजणीवर दोन राउटरांची तुलना करणं व्यर्थ.

मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. लोखंडी सळ्यांची काँक्रीट भिंत, आरसा, पत्र्याचं कपाट, पाण्याची टाकी यांच्यामागे हिशेब याहून फार बिघडतो.

किती सिग्नलला काय मिळेल याचा अंदाज मानकातूनच येतो. ८० मेगाहर्ट्झवर एमसीएस ११ साठी रिसीव्हरने निदान उणे ४६ डीबीएमला तरी काम केलं पाहिजे, एमसीएस ७ साठी उणे ५८, एमसीएस ० साठी उणे ७०... नाही, शेवटचा आकडा उणे ७६. चांगल्या चिप यापेक्षा काही डेसिबल कमकुवत सिग्नलवरही तोच वेग देतात, पण उतरंड अशीच राहते: १२०१, मग ७२१, आणि तळाशी ७२.

हीच मर्यादा १६० मेगाहर्ट्झला ३ डेसिबलनी कडक होते. रुंदी दुप्पट म्हणजे आत येणारा नॉइजही दुप्पट: ८० ला औष्णिक नॉइज उणे ९५ डीबीएम, १६० ला उणे ९२. राउटरची एकूण शक्ती तीच राहिली तर ती जास्त रुंदीवर पातळ पसरते. म्हणून दोन भिंतींपलीकडे १६० चा फायदा विरतो आणि कोपऱ्याच्या जागी ४० मेगाहर्ट्झ ८० पेक्षा स्थिर चालू शकतं. सहाव्या जागेवर तिन्ही रुंदी आलटून पालटून मोजल्याशिवाय सेटिंग ठरवू नये.

अपलोड वेगळा लिहा. फोनची प्रक्षेपणशक्ती राउटरपेक्षा कमी असते. कोपऱ्यात डाउनलोड छान आणि व्हिडिओ कॉलवर समोरच्याला आपलं चित्र अडखळत दिसतं, ते यामुळे. 'हाय पॉवर' राउटर घेऊन हे सुटत नाही. राउटरचा आवाज वाढतो, फोनचा नाही. तिथे वायरने जोडलेला दुसरा ॲक्सेस पॉइंटच खरा इलाज.

कोपऱ्यातलं ते यंत्र बाकीच्यांनाही भोवतं. ७२ एमबीपीएसवर बोलणारा क्लायंट तेवढ्याच डेटाला १२०१ वाल्यापेक्षा जवळपास १७ पट हवेतला वेळ खातो. एअरटाइम फेअरनेसची (हवेतला वेळ यंत्रांत समान वाटण्याची) सोय असेल तर हा टप्पा ती बंद आणि चालू ठेवून दोनदा करायचा.

अँटेनांबद्दल थोडं. दांडीच्या अँटेनाचा सिग्नल दांडीच्या टोकाकडे सर्वांत कमी, आडव्या दिशेला सर्वांत जास्त. एकाच मजल्यासाठी सगळ्या उभ्या ठेवाव्या, वरच्या मजल्यासाठी एखादी आडवी.

टप्पा ४: ताणाखालची पिंग (निम्मा)

घरात राउटर जाणवतो तो इथे, आणि वेगाच्या आकड्यात तो दिसत नाही. तीन पिंग (छोटा संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) एकाच वेळी चालवा: वायरवरच्या संगणकावरून बाहेरच्या पत्त्याला, वाय-फायवरून राउटरला, वाय-फायवरून बाहेरच्या पत्त्याला. दोन मिनिटं शांत, मग दोन मिनिटं डाउनलोडचा पूर्ण ताण, मग अपलोडचा. वायरवरून बाहेरची पिंग ताणात फुगली तर पॅकेटांची रांग इंटरनेट जोडणीवर साचते आहे. वायर शांत आणि वाय-फायवरून राउटरची पिंग फुगली तर रांग हवेत आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

जोडणीवरच्या रांगेला उपाय एसक्यूएम, म्हणजे रांग आवरणारी केक किंवा एफक्यू-कोडेल पद्धत. वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के ठेवायची, दोन्ही दिशांना वेगळी. त्याने रांग पलीकडच्या यंत्रात न साचता आपल्या राउटरमध्ये राहते आणि तिथे आवरता येते. बदल्यात ऑफलोड सोडावा लागतो. टप्पा १ मधला दुसरा आकडा इथे कामी येतो. तो जोडणीच्या वेगापेक्षा कमी असेल तर एसक्यूएम चालू करून वेगच कापला जाईल.

पिंग फोनवरून मोजू नये. वीज वाचवण्यासाठी फोनचा रेडिओ मधेमधे झोपतो आणि राउटर निर्दोष असला तरी आकडे उड्या मारतात.

टप्पा ५: उष्णता आणि यूएसबी (सुरू व्हायचा)

वॅनवर दोन्ही दिशांचा ताण सलग ३० मिनिटं, राउटर नेहमीच्या जागी, कपाटात असेल तर कपाटातच. पहिल्या आणि शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी लिहायची. शेवटी वेग घसरला तर तापलेला प्रोसेसर मंदावतो आहे. मग यूएसबी ३ च्या पोर्टला डिस्क लावून कॉपी चालू ठेवायची आणि २.४ गिगाहर्ट्झ पुन्हा मोजायचं. यूएसबी ३ च्या संदेशांचा नॉइज नेमका याच पट्ट्यात पसरतो. आखूड, नीट शील्ड केलेली केबल आणि डिस्क अँटेनांपासून हातभर लांब, असं ठेवून तीच मोजणी दुसऱ्यांदा.

फर्मवेअर बदललं की टप्पा १ मधली वॅन चाचणी आणि टप्पा ३ मधली जागा ४ व ६ पुन्हा मोजायची, आणि ओळीसमोर आवृत्तीचा क्रमांक लिहायचा.