डोकं हलवू नका

डिप्रेशनच्या गोळ्या सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, एका संशोधनासाठी मेंदूचा एमआरआय काढू द्याल का? मी लगेच हो म्हटलं. समाजसेवा वगैरे काही नाही, मला आईला दाखवायला एक फोटो हवा होता. "तुला काही झालेलं नाही, नुसती विचार करत बसतेस" हे तिचं पालुपद एकदाचं थांबवणारा.

संमतीपत्रात स्वच्छ मराठीत लिहिलं होतं की यातून निदान मिळणार नाही. वाचलं आणि सही केली. मग डिप्रेशनच्या लक्षणांचे नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, त्रास जास्त तसे गुण जास्त, प्रत्येकाला ० ते ३. २७ पैकी माझे ११ झाले. त्यानंतर अंगावरचा धातू. मंगळसूत्र, कानातले, केसांतल्या पिना पटापट निघाल्या. डाव्या पायातलं जोडवं मात्र निघेना. शेवटी बेसिनपाशी एका पायावर उभी राहून साबण लावून ओढलं.

तिथे पीएचडी करणारी एक मुलगी होती. म्हणाली, "ताई, उसाच्या कांड्यात पाणी धाग्यांच्या दिशेने सहज सरकतं, आडवं कमी. मेंदूच्या पांढऱ्या भागात तसंच. आम्ही ते सरकणं मोजतो." म्हणजे मशीनला धागे दिसतच नाहीत, पाण्याच्या हालचालीवरून त्यांचा अंदाज बांधायचा. पाणी सगळीकडे सारखंच पसरत असेल तर आकडा ०, एकाच दिशेने जात असेल तर १ च्या जवळ.

डोकं पिंजऱ्यात, दोन्ही बाजूंना स्पंज, कानात बोळे, हातात त्रास झाला तर दाबायचा रबरी फुगा. सुरुवातीची ठकठक सोसली. पाणी मोजणारा भाग सुरू झाला तेव्हा आख्खं टेबल थरथरायला लागलं, दाढांपर्यंत जाणवत होतं. नेमका तेव्हाच खोकला आला. "डोकं हलवू नका हं, हे परत घ्यावं लागेल." आणखी दहा मिनिटं. हललेल्या डोक्यामुळेही आकडा बदलतो आणि तो आजाराच्या खात्यावर जमा होऊ शकतो, हे नंतर कळलं.

बाहेर आल्यावर तिने स्क्रीनवर एक रंगीत चित्र दाखवलं. डावी-उजवीकडे जाणारे धागे लाल, पुढे-मागे हिरवे, वर-खाली निळे. मधोमध लाल कमान, कॉर्पस कॅलोसम, मेंदूचे दोन्ही अर्धे भाग जोडणारी. मी विचारलं, "माझं बिघडलंय कुठे?"

ती जरा ओशाळली. २०२० मध्ये डिप्रेशनच्या १३०५ रुग्णांची १६०२ निरोगी लोकांशी तुलना झाली होती, म्हणाली. प्रौढ रुग्णांमध्ये धाग्यांच्या २५ पैकी १६ पट्ट्यांत हा आकडा कमी निघाला, या कमानीत तर फरक सर्वांत ठळक होता. पण ठळक म्हणजे तरी किती? दोन गावांतल्या लोकांच्या सरासरी उंचीत बोटभर फरक असावा तेवढा. एकट्या माणसाची उंची बघून त्याचं गाव सांगता येत नाही. शिवाय आकडा का उतरला, धाग्यांवरचं चरबीचं वेष्टण विरळ झालं म्हणून की आणखी कशाने, हेही एवढ्यावरून ठरत नाही. मला राग आला, तिच्यावर नाही. एवढं थरथरून हातात सरासरी?

आठवण म्हणून एक काळापांढरा फोटो मिळाला. आईने मोबाईल लांब धरून पाहिला. "छान दिसतोय की गं मेंदू!"

सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. जोडवी घरीच काढून जाईन.