गायरानाची हद्द

गायरानाच्या मोजणीला आम्ही भूकरमापक फारसे उत्सुक नसतो. खासगी गटाच्या मोजणीत भांडणारे दोघे असतात आणि दोघेही आपापला बांध दाखवायला हजर राहतात. गायरानाच्या सातबाऱ्यावर मात्र ‘सरकार’ लिहिलेले असते आणि सरकारच्या वतीने उन्हात उभे राहायला सहसा कोणी येत नाही. या गावात चित्र उलटे होते. चराईच्या माळावर कोंबड्यांच्या शेडसाठी तारेचे कुंपण पडल्यावर ग्रामसभेने ठराव केला, तहसीलमार्फत हद्द कायम मोजणी मागितली आणि आम्ही पोहोचलो तेव्हा मेंढपाळांपासून बागायतदारांपर्यंत बरेच गाव तिथे जमले होते. गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात राज्यांना दिले होते, हे एका तरुणाने मला तोंडपाठ ऐकवले.

रोव्हर यंत्र आणले की हद्द आपोआप उमटते, असा लोकांचा समज असतो आणि वर बसणाऱ्या काही अधिकाऱ्यांचाही असतो. ते यंत्र उपग्रहांच्या आधारे आपण कुठे उभे आहोत हे सेंटिमीटरपर्यंत सांगते. हद्द कुठे होती हे त्याला ठाऊक नसते. त्यासाठी जुने टिपण काढावे लागते, आणि टिपण म्हणजे प्रमाणात काढलेला नकाशा नव्हे, तर मूळ मोजणीदाराने हाताने रेखाटलेली आकृती आणि तिच्यावर साखळी-आण्यांत लिहिलेली मापे. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. ही मापे जमिनीवर उतरवायची तर निदान दोन जुन्या खुणा जागच्या हललेल्या नाहीत, अशी खात्री पटावी लागते. शिवेचा एक दगड आम्हाला बाभळीच्या जाळीत सापडला. दुसरा एका वृद्ध मेंढपाळाने काठीने दाखवलेल्या जागी खणल्यावर लागला आणि दोहोंतले अंतर टिपणाशी आण्याच्या आत जुळले, तेव्हा शंकू आणि साखळी घेऊन हा माळ तुडवलेल्या त्या अनाम मोजणीदाराविषयी मला मनापासून आदर वाटला.

शेडचे कुंपण गायरानात निघाले, यात कोणालाच आश्चर्य वाटले नाही. मात्र तीच रेषा पुढे नेल्यावर ठरावावर सह्या करणाऱ्या काही शेतकऱ्यांचे बांधही आत सरकलेले दिसले. दर नांगरटीला नांगराचे एखादे तास, म्हणजे एखादी सरी, पुढे घेत गेले की असेच होते. इथे मोजणी बंद पडणार, असे मी गृहीत धरले होते. त्यांनी बाजूला जाऊन थोडी चर्चा केली आणि हद्द मान्य असल्याचे, बांध मागे घेणार असल्याचे जबाब लिहून दिले.

खरी अडचण पुढे आली. माळाच्या कडेला मजुरी करणाऱ्या एका विधवा बाईंच्या दोन खोल्या होत्या आणि त्याही रेषेच्या आत होत्या. सरपंच मला म्हणाल्या, “साहेब, तेवढं घर नकाशात नाही आलं तर चालणार नाही का? आम्ही आमचे बांध सोडतोय ना.”

मी म्हटले, “ताई, जागेवर आहे ते दाखवावंच लागतं. आज घर गाळलं तर उद्या शेडवाल्यांचा वकील अख्खी मोजणीच खोटी ठरवेल.”

हे उत्तर बरोबर होते, असे मला अजूनही वाटते. तरीही ‘क’ प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर देतो त्या नकाशावर, त्या दोन खोल्या आणि ती शेड एकाच प्रकारच्या रेषेने दाखवावी लागली, हे मला खटकते. वहिवाट कोणाची आणि किती क्षेत्रावर, एवढेच त्या कागदाला कळते; पोटासाठी की नफ्यासाठी, हे लिहायला त्यात रकाना नाही. पंचनाम्यात ‘निवासी वापर’ एवढी नोंद मी ठळकपणे घेतली, त्यावर “तुम्हाला कोणी विचारलं होतं?” असे कार्यालयात ऐकूनही घेतले.

आता तहसीलची नोटीस दोघांनाही सारखीच जाईल. बाईंना गावठाणात जागा देण्याचा ठराव ग्रामसभा घेणार आहे. तो घेण्यापूर्वी गावठाणाच्या नकाशात तेवढी जागा खरोखर मोकळी आहे का, हे तपासून घ्या, असे मी सरपंचांना कळवले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.