मुंगन्याच्या बिया, ऊन आणि पावसाळ्यातलं पाणी

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, मामा तलावाला, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाला लागून. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी नितळ असतं, आषाढ लागला की चहासारखं लाल. गेल्या पावसाळ्यात नळयोजनेची मोटार जळाली आणि प्यायलाही विहीरच उरली. घरात लहान लेकरू, म्हणून पाण्याचं मी मनावरच घेतलं.

सासूबाई म्हणाल्या, "मुंगन्याच्या बिया टाक, पाणी नितरते." मुंगना म्हणजे शेवगा. बिया झाडावरच वाळलेल्या शेंगांतल्या हव्यात. तपकिरी टरफल आणि त्याचे पापुद्रे सोलले की आत पांढरा गर निघतो. तो खलबत्त्यात कुटायचा. लिटरमागे एक-दोन बिया, पाणी जितकं गढूळ तितक्या. पूड थोड्या स्वच्छ पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून गुंडात, म्हणजे गढूळ पाण्याने भरलेल्या भांड्यात ओतायची. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पाचेक मिनिटं अगदी हळू. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, बियांतल्या प्रथिनावर धन. हळू ढवळताना कण एकमेकांना धरतात आणि जड होतात. तास-दोन तासांत गाळ बुडाशी बसतो. मग गुंड न हलवता वरचं पाणी काढून घ्यायचं.

हे पाणी अजून पिण्याजोगं नाही, हे मी घरात सगळ्यांना बजावलं. गाळाबरोबर बरेच जंतू खाली जातात, सगळे नाही. शिवाय बियांचा अंश पाण्यात राहतो आणि पाणी शिळं झालं की जंतू पुन्हा वाढतात.

उरलेले जंतू मारायला, ऊन असलं की पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या भरून टिनावर आडव्या ठेवायच्या. बाटली वर्तमानपत्रावर उभी करून वरून मोठा मथळा वाचता आला तरच पाणी पुरेसं नितळ. कडक उन्हात सहा तास, अर्ध्याहून जास्त आभाळ असेल तर सलग दोन दिवस. झडीत याचा उपयोग नाही. तेव्हा चूलच, पाणी खळखळून उकळायला लागल्यावर निदान एक मिनिट. ओलं सरपण धुपतं, डोळे चुरचुरतात, तरी उकळण्याइतका भरवसा मला दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

पांढरकवड्याच्या नणंदेने फोनवर विचारलं, "वहिनी, आमच्या बोअरच्या पाण्याले हे चालन का?" नाही चालत. यवतमाळकडे अनेक बोअरांत फ्लोराइड आहे, म्हणजे जास्त झाला तर दात-हाडं बिघडवणारा क्षार. ते डोळ्यांना दिसत नाही, बिया किंवा ऊन त्याचं काही करत नाही, आणि उकळलं तर पाणी आटतं, फ्लोराइड मागे राहतं. आधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दे, असं तिला सांगितलं, आणि तोवर लेकरांना त्या बोअरचं पाणी पाजू नको.