लॅम्डासर

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी चार ओळी द्या, असा फोन आला आणि मी आधी माळ्यावरची ट्रंक उतरवली. १९८४-८५ची, बी.ई.च्या वर्षाची पॉवर सिस्टिमची जर्नल अजून शाबूत आहे. बाकीच्या सरांबद्दल कोणीतरी लिहीलच, मी फक्त लॅम्डासरांबद्दल लिहिणार. खरं नाव सगळ्यांना ठाऊक आहेच.

दुपारचा, जेवणानंतरचा तास. फळ्यावर दोन युनिट्स, म्हणजे वीज बनवणारे दोन संच, आणि दोघांवर मिळून लोड (विजेची मागणी) २०० मेगावॉट. पुढचा एक मेगावॉट काढायला पहिल्याला तासाला २०० अधिक पी-वन रुपये, दुसऱ्याला १७५ अधिक दीड पी-टू; पी म्हणजे त्या त्या युनिटवर टाकलेले मेगावॉट. कमीत कमी खर्चात लोड वाटा. मी शंभर-शंभर करून मोकळा झालो.

सरांनी वही बघितली आणि विचारलं, "मेसमध्ये पोळ्या कोण लाटतं?"

"दोन मावशी, सर."

"गर्दी वाढली. पुढची पोळी कोणाला सांगाल?"

"जिला कमी त्रास पडेल तिला."

"मग तीही दमणार. कुठवर सांगाल?"

"दोघींना पुढची पोळी सारखीच जड जाईपर्यंत."

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. खडू उचलून म्हणाले, "हाच लॅम्डा." म्हणजे दोन्हीकडे सारखा झालेला पुढच्या मेगावॉटचा खर्च. एम-थ्रीत, गणिताच्या तिसऱ्या पेपरात, हाच लॅम्डा 'लॅग्रांजचे गुणक' म्हणून आम्ही मार्कांपुरता घोकला होता, तो असा पोळीतून भेटेल असं वाटलं नव्हतं. उत्तर आलं ११० आणि ९०, दोन्हीकडे पुढचा मेगावॉट ३१० रुपयांना. "आणि एकीचा तवाच लहान असेल तर?" मग ती तिच्या मर्यादेवर थांबणार, उरलेलं दुसरीवर. सगळा तास त्या मावशींवरच गेला.

जर्नलमध्ये माझ्या शंभर-शंभरखाली त्यांची लाल शाई आहे: 'तासाला १२५ रु. नुकसान. भरून द्या.' मी हिशेब केला, दिवसाचे ३,०००. तेव्हा एवढा तर एखाद्याचा महिन्याचा पगार असे.

त्याच वर्षी असली कमीत कमी खर्चाची गणितं झटपट सोडवण्याच्या नरेंद्र करमरकरांच्या नव्या पद्धतीची बातमी आली, तिचं कात्रण सरांनी नोटीस बोर्डावर लावलं. आयआयटी मुंबईचा, इलेक्ट्रिकलचाच मुलगा! सिम्प्लेक्स, म्हणजे जुनी पद्धत, शक्य उत्तरांच्या कडेकडेने जातो, हा आतून जातो, एवढंच सांगितलं, पण असं सांगितलं की आपल्या घरातलं कोणी पास झालंय.

पुढे माझी नोकरी कळव्याच्या लोड डिस्पॅचला, म्हणजे कुठल्या केंद्राने किती वीज काढायची ते ठरवणाऱ्या कचेरीत झाली. कोयनेचं पाणी फुकट, मग तीच आधी का नाही चालवायची, असं नवी मुलं विचारत. फुकट कुठलं? वीज काढायला पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) दिलं होतं. जानेवारीत दुपारी उधळलं, तर मेमध्ये संध्याकाळी महागडी वीज घ्या. पाण्यालाही लॅम्डा असतो, हे मी पोळ्यांवरूनच समजावत असे.

आता सॉफ्टवेअर क्षणात उत्तर देतं. लॅम्डा शेवटच्या रकान्यात छापून येतो, तिकडे कोणी बघत नाही. आम्ही कॅल्क्युलेटरवर लॅम्डा जरा वर, जरा खाली करत बेरीज २००ला आणायचो. चार फेऱ्यांत कोणतं युनिट कसं वागतं ते हाताला कळायचं. माझ्या नातवाला हे सांगितलं तर तो जांभई देतो.

सर गेल्याचं मला वर्षभराने कळलं. भेटायला जायचं राहूनच गेलं.

मेसमधल्या त्या दोन मावशींपैकी कोणाचा ठावठिकाणा कोणाला माहीत असेल, तर कृपया संपादकांकडे कळवावा.